आज काय खायचं? : न शिजवलेला आहार आणि रोजच्या निवडीचं ओझं

या व्याख्यानमालेत आपण संकल्प, सवय आणि स्वातंत्र्य या तीन शब्दांवर बोललो. आजचा विषय श्रोत्यांनीच दिलेला आहे. आपल्यातली काही मंडळी न शिजवलेला आणि दूध-तूपही वगळलेला आहार घेतात. इंग्रजीतून आलेला ‘रॉ व्हीगन’ हा शब्द आता पुंडलिकनगर रस्त्यावरच्या फळवाल्यालाही माहीत झाला आहे. या मंडळींनी आम्हाला जो प्रश्न विचारला तो मोठा मार्मिक आहे. हा आहार योग्य की अयोग्य, हे त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, ‘सर, खाण्याचा त्रास नाही, ठरवण्याचा आहे. सकाळी उठल्यापासून डोक्यात एकच, आता काय खायचं? दहा दिवसांत माणूस मेटाकुटीला येतो आणि अकराव्या दिवशी गपचूप भाकरी-पिठल्यावर येतो.’

आमच्या मते हा प्रश्न जिभेचा नाही, निवडीचा आहे, आणि निवड हा तत्त्वज्ञानाचा जुना विषय आहे. म्हणून आम्ही तो हाती घेतला. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही वैद्य नाही. आमच्या घरी आम्ही दोघेही सकाळचं खाणं न शिजवलेलं घेतो आणि दुपारी भाकरी खातो. तेव्हा आज कोणत्याही आहाराचा प्रचार करायचा नाही. ज्याने हा मार्ग धरला आहे, त्याला तो शहाणपणाने कसा चालता येईल, एवढंच पाहायचं आहे.

ताट आधीच ठरलेलं असतं

नेहमीच्या घरात ‘काय खायचं’ हा प्रश्न खरं तर फार छोटा असतो. वरण, भात, पोळी किंवा भाकरी, एक भाजी, एक चटणी, हे आधीच ठरलेलं आहे. उरतं ते एवढंच की भाजी वांग्याची की गवारीची. म्हणजे दहापैकी नऊ निर्णय आपल्या आजी-पणजीने घेऊन ठेवलेले आहेत आणि आपण दहावा तेवढा घेतो. चव, पोषण, खर्च, ऋतू या सगळ्याचा हिशेब त्या ठरलेल्या ताटात मुरलेला आहे. बाजरीच्या भाकरीबरोबर डाळ का, संक्रांतीला तीळ का, हे रोज नव्याने सिद्ध करावं लागत नाही.

चूल बंद केली की हे ताटच हातातून जातं. मग दहाच्या दहा निर्णय रोज तीन वेळा घ्यावे लागतात. माणूस थकतो तो इथे, आणि आपण त्याला म्हणतो, ‘मनोनिग्रह कमी पडला.’ आमच्या मते निग्रह कमी पडलेला नसतो. त्याला ठरलेलं ताट मिळालेलं नसतं.

अमेरिकन विचारवंत हर्बर्ट सायमन यांना 1978 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या विचाराचा गाभा साध्या भाषेत असा : माणूस प्रत्येक वेळी सर्वोत्तम पर्याय शोधत नाही, आणि शोधूही नये. ‘पुरेसं चांगलं’ म्हणजे काय हे आधी ठरवावं आणि त्या कसोटीला उतरणारा पहिला पर्याय घेऊन पुढे जावं. कारण शोधालाही किंमत असते. वेळ जातो, लक्ष जातं. आपल्या गृहिणी हे सायमन न वाचता करत आल्या. न शिजवलेला आहार घेणारा मात्र मोबाईल उघडून सर्वोत्तम शोधत बसतो. कुठे अॅव्होकाडो, कुठे ब्ल्यूबेरी, आणि तोपर्यंत भूक मरते.

वेरूळच्या डोंगरातला धडा

आता आपल्या जवळचं पाहू. वेरूळला 1 ते 12 क्रमांकाची लेणी बौद्ध आहेत आणि 30 ते 34 जैन. अन्नाच्या निवडीवर या दोन्ही परंपरांनी फार खोल विचार केलेला आहे.

बौद्ध भिक्षूने निवडच सोडून दिली. पात्रात पडेल ते घ्यायचं आणि मध्यान्हानंतर जेवायचं नाही. ‘मला काय आवडतं’ हा प्रश्नच बाजूला पडला आणि मन अभ्यासाला मोकळं झालं. हा एक टोकाचा उपाय.

जैन परंपरेने दुसरा उपाय केला. गृहस्थांसाठी तिथे ‘चौदा नियम’ सांगितलेले आहेत. सकाळी उठल्यावर श्रावक मनाशी ठरवतो की आज एकूण इतकेच पदार्थ. यातून निवड नाहीशी होत नाही. ती दिवसातून एकदा होते आणि नंतर दिवस मोकळा राहतो. आम्हाला हा मार्ग संसारी माणसासाठी जास्त जवळचा वाटतो.

इथे थोडं थांबू, कारण एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘न शिजवलेलं अन्न म्हणजे जास्त सात्त्विक आणि जास्त अहिंसक, हेच आपल्या परंपरेचं म्हणणं,’ असं बरेच लोक ठामपणे सांगतात. पण ज्या जैन परंपरेने अहिंसेचा सर्वांत बारकाईने विचार केला, तिथे साधू सचित्त म्हणजे सजीव अन्न घेत नाहीत आणि पाणीसुद्धा उकळलेलं घेतात. अंकुरलेलं धान्य अनेक जैन घरांत वर्ज्य असतं, कारण अंकुर म्हणजे जीव. आपण ज्याला ‘जिवंत अन्न’ म्हणून मिरवतो, ते त्याच कारणाने दुसऱ्या परंपरेत टाळलं जातं. उलट आपल्या ऋषीपंचमीचा नियम पाहा. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही. तिथे प्राण्याच्या श्रमाचा विचार आहे, पण भाजी मात्र शिजवलेली आहे. तेव्हा ‘कच्चं म्हणजे पवित्र’ हे समीकरण कुणी परंपरेच्या नावावर खपवू नये. ज्याने त्याने आपला नियम आपल्या कारणासाठी धरावा आणि ते कारण स्वतःला माहीत असावं.

गांधीजींचा हिशेब : 1915, 1929 आणि 1942

या विषयावर आपल्या देशातलं सर्वांत मोलाचं उदाहरण गांधीजींचं. ते मोलाचं अशासाठी की त्यांनी वजनमापासकट सगळं लिहून ठेवलं.

1915 साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतलं की हिंदुस्थानात असताना चोवीस तासांत पाचपेक्षा जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही. त्यामागे एक कारण असं होतं, की पाहुणा म्हणून जातील तिथे यजमान नाना पदार्थ करण्यात शिणून जात. म्हणजे नियम स्वतःपुरता नव्हता. दुसऱ्याचे कष्ट वाचवण्यासाठीही होता. ही बाजू लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1929 मध्ये त्यांनी पूर्ण न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. त्यांनी ‘यंग इंडिया’त दिलेला रोजचा आहार असा : मोड आलेले गहू 8 तोळे, वाटलेले बदाम 8 तोळे, वाटलेला पाला 8 तोळे, 6 लिंबं आणि 2 औंस मध. आठवड्यातून दोन-तीनदा गव्हाऐवजी मोडाचे हरभरे, आणि त्या दिवशी बदामाऐवजी नारळाचं दूध. बस. दोन वेळा जेवण. (मध असल्याने आजच्या व्याख्येत हा आहार ‘व्हीगन’ बसत नाही, पण तो शब्दच 1944 साली इंग्लंडमध्ये तयार झाला.) निवडीच्या दृष्टीने पाहिलं तर ही यादी अप्रतिम आहे. पाच पदार्थ, एक ठरलेला फेरबदल, प्रश्न संपला.

पण आता हिशेब करू. एक तोळा म्हणजे सुमारे 11.7 ग्रॅम, तेव्हा आठ तोळे झाले साधारण 93 ग्रॅम. गहू कोरडा धरला तरी आजच्या कोष्टकांनुसार ही बेरीज 1100 किलोकॅलरीच्या आसपास येते. चालता-फिरता, देशभर प्रवास करणारा माणूस आणि 1100 किलोकॅलरी! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोटाच्या दुखण्याने त्यांना प्रयोग थांबवावा लागला, आणि तेही त्यांनी जाहीरपणे लिहिलं.

पुढे 1942 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावरचं छोटं पुस्तक लिहिलं. त्यात रोजच्या आहाराचं माप दिलं आहे. धान्य 6 औंस, शिजवायच्या भाज्या वेगळ्या, गाईचं दूध आहे, आणि कच्च्या भाजीचं माप आहे 1 औंस, म्हणजे जेमतेम 28 ग्रॅम. तेरा वर्षांत माणूस शंभर टक्क्यांवरून एका औंसावर आला. आम्ही याला पराभव म्हणत नाही. प्रयोग करायचा, मोजायचं, आणि मोजमाप जे सांगेल ते मान्य करायचं, ही सत्याची चाड आहे. ज्यांना गांधीजींचा 1929 चा आहार घ्यायचा आहे, त्यांनी 1942 चं पानही वाचलं पाहिजे.

एकदाच घ्यायचे पाच निर्णय

आता कामाचं बोलू. रोज पन्नास लहान निर्णय घेण्याऐवजी पाच मोठे निर्णय एकदा घ्या, कागदावर लिहा आणि फ्रिजवर चिकटवा.

पहिला निर्णय, रेषा कुठे आहे? ‘कच्चं’ हा शब्द वाटतो तेवढा सोपा नाही. गूळ काहिलीत उकळून होतो. पोहे भिजवून, भाजून, कांडून होतात. बाजारातल्या बहुतेक काजूंना टरफल काढण्यासाठी उष्णता दिलेली असते. कोशिंबिरीवर फोडणी घातली की काय म्हणायचं? या प्रत्येकावर रोज वाद घालाल तर वेड लागेल. आमचा सल्ला असा की रेषा ठळक आणि सैल आखा. ‘मुख्य पदार्थ शिजवलेला नाही’ एवढी रेषा पुरे. चमचाभर फोडणी आणि गुळाचा खडा यांच्यावरून कुणाचा धर्म बुडत नाही.

दुसरा निर्णय, ताकद कशातून येणार? बहुतेकांचं इथेच चुकतं. काकडीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 15 किलोकॅलरी असतात. नुसत्या काकडीवर 1600 किलोकॅलरी मिळवायच्या तर दहा किलोच्या वर काकडी खावी लागेल! शेंगदाण्याच्या 100 ग्रॅममध्ये 560 च्या वर, ओल्या खोबऱ्यात सुमारे 350, केळ्यात 90. म्हणून कोशिंबीर हा या आहाराचा पाया नव्हे. पाया म्हणजे शेंगदाणे, तीळ, खोबरं, केळी, खजूर आणि मोडाचे मूग-मटकी. प्रत्येक जेवणात पायातला एक पदार्थ मूठभर, एक फळ आणि एक पाला किंवा फळभाजी. तीन खाने भरले की ताट झालं. दही नाही म्हणून कोशिंबीर अडत नाही. दाण्याचं कूट, लिंबू आणि ओलं खोबरं तिला पुरेसं आहे. मोडावर लिंबू पिळण्याने चव तर येतेच, शिवाय क जीवनसत्त्वामुळे त्यातलं लोह शरीराला जास्त मिळतं.

कडधान्यासाठी तीन वाट्यांची पद्धत ठेवा. एक वाटी भिजत, एक फडक्यात बांधलेली, एक खायला तयार. रोज रात्री प्रत्येक वाटी एक पाऊल पुढे सरकते. आठवड्यात कुठेही ‘आता काय?’ येत नाही.

तिसरा निर्णय, ऋतूला ठरवू द्या. मराठवाड्याचा ऋतू हा उत्तम सल्लागार आहे आणि फुकट आहे. हिवाळ्यात गाजर, मुळा, कांद्याची पात, मेथीचा घोळाणा, हरभऱ्याचा आंबूस पाला, ओले हरभरे, पेरू, बोरं, आवळा. उन्हाळ्यात काकडी, कैरी, टरबूज, खरबूज, आंबा, आणि चैत्राची आंबेडाळ. ती तर भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचीच असते. पावसाळा सरता सरता ओल्या शेंगा, सीताफळ, मोसंबी, डाळिंब. जालन्याची मोसंबी आणि बीडचं सीताफळ यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ते सोडून परदेशी फळांच्या मागे धावायचं कारण काय? नियम एवढाच ठेवा : हातगाडीवर जे ढिगाने आणि स्वस्त दिसतं, ते आज घ्यायचं. ढीग म्हणजेच ऋतू.

चौथा निर्णय, काय कधीच कच्चं खायचं नाही? ही यादी कायमची. राजमा कच्चा किंवा नुसता मोड आणून खायचा नाही. त्यातलं लेक्टिन विषारी असतं आणि नीट उकळल्यावरच निकामी होतं. अळू कच्चं नको. हिरवट पडलेला बटाटा शिजवूनही नको. आणि मोडांबद्दल एक इशारा. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून जिवाणूंची साथ पसरली आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. मोड ज्या उबदार, ओलसर हवेत येतात तीच हवा जिवाणूंना मानवते. म्हणून मोड घरचे, ताजे, आंबूस वास आला की फेकून द्यायचे. आपल्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि आजाऱ्यांनी ते उकळून घ्यावेत. तिथे ‘पण मग ते कच्चं राहिलं नाही’ असा हट्ट धरू नये.

यालाच जोडून पाण्याची गोष्ट. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं. शिजवलेल्या भाजीला उकळी वाचवते, कच्च्या भाजीला फक्त धुणं वाचवतं. तेव्हा आम्ही एक नियम सुचवतो : पाणी येईल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पालेभाजी, टाकी तळाला गेली की सालीची फळं. केळी, मोसंबी, पपई, डाळिंब, सीताफळ. पावसाळ्यात तर पालेभाजी शिजवूनच खावी. हा नियम तुम्हाला कुठल्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाही, कारण त्या लेखकांच्या नळाला रोज पाणी येतं.

पाचवा निर्णय, अपवाद. लग्नाची पंगत, सप्ताहाचा महाप्रसाद, लेकीच्या सासरचं जेवण, तिथे काय करायचं हे घरून निघतानाच ठरवा. एक तर आधी खाऊन जा आणि पंगतीत फळ घ्या, नाही तर त्या दिवशी आनंदाने जेवा. पंगतीत बसून यजमानाला आपल्या आहाराचं व्याख्यान द्यायचं नाही. अपवाद लिहिलेला असला की तो नियमाचाच भाग होतो. मग दुसऱ्या दिवशी अपराधीपणाही उरत नाही.

कापणार कोण?

मघाशी गांधीजींच्या व्रताची जी बाजू लक्षात ठेवायला सांगितली, ती आता घेऊ. पाच पदार्थांच्या मर्यादेत यजमानाचे कष्ट वाचवण्याचा हेतू होता. आपल्याकडे बऱ्याच घरांत उलटं होतं. आजोबा कच्च्या आहारावर जातात आणि सूनबाईचा स्वयंपाक दुप्पट होतो. सगळ्यांची पोळी-भाजी आहेच, वर आजोबांसाठी नारळ खवायचा, गाजर किसायचं, डाळिंब सोलायचं. चुलीचा धूर गेला आणि विळी आली. आपल्या संयमाचा भार दुसऱ्याच्या मनगटावर पडत असेल तर त्याला संयम म्हणायला आम्ही तयार नाही. ज्याने व्रत घेतलं त्याने विळी हाती घ्यावी. सोलून, कापून, भांडी घासून ज्याला पेलेल तेवढाच आहार त्याने घ्यावा. एवढं केलं की पदार्थांची संख्या आपोआप कमी होते, हे आम्ही हमखास सांगतो.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*सर, मी मधुमेहाची गोळी घेतो. पूर्ण कच्च्या आहारावर गेलो तर गोळी बंद करता येईल का?*

नाही, स्वतःच्या मनाने अजिबात नाही. आहार एकदम बदलला आणि गोळी तीच राहिली तर साखर फार खाली जाऊ शकते. गोळी सोडली तर वर जाऊ शकते. दोन्ही धोक्याचं. आहार बदलण्याआधी डॉक्टरांना भेटा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर केळी, नारळपाणी, टोमॅटो यांतलं पोटॅशियम अडचणीचं ठरू शकतं. रक्त पातळ करण्याचं वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवणंही धोक्याचं. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी आहे, हा तर्क सदोष आहे. धोतराही नैसर्गिकच आहे.

*बी-12 साठी कोणती भाजी खावी?*

कोणतीही नाही. वनस्पतीजन्य अन्नातून ते भरवशाने मिळत नाही, आणि स्पिरुलिनातलं बहुतांश शरीराच्या उपयोगाचं नसतं. दूधही सोडलं असेल तर गोळी किंवा इंजेक्शन लागतंच. यकृतात साठा असल्यामुळे कमतरता काही वर्षांनी दिसते, मग हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा, अशक्तपणा. आपण त्याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-12 आणखी कमी होऊ शकतं. तेव्हा पहिल्या प्रश्नकर्त्यांनीही रक्ततपासणी करून घ्यावी.

*इतके नियम केले तर खाण्यातलं स्वातंत्र्य कुठे राहिलं?*

हा प्रश्न आमच्या विषयाचा आहे! दर वेळी सगळे पर्याय उघडे असणं, याला आपण स्वातंत्र्य समजतो. पण तबलजी ठेका सोडत नाही म्हणून गायकाला आलाप घेता येतो. ताट ठरलेलं असलं की आजची मेथी कशी लागली याकडे लक्ष जातं, शेजारी बसलेल्या नातवाशी बोलता येतं. पण नियम आपणच केलेला आहे, हे विसरायचं नाही. दर तीन महिन्यांनी वजन, हिमोग्लोबिन, झोप आणि घरच्यांचा चेहरा पाहायचा, आणि गरज वाटली तर फ्रिजवरचा कागद खुशाल बदलायचा.

वेळ संपली आहे. पुढच्या वेळी आपण ‘सवय आणि व्यसन यांच्यातला फरक’ हा विषय घेणार आहोत. बाहेर पेरू ठेवले आहेत, धुतलेले आहेत. जाताना एकेक घेऊन जा.